दार कुणी उघडं टाकलं?

गल्लीत तिला सगळे टेलिफोन मावशी म्हणत. एकतीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली होती. पुढे यंत्रं आली, बोर्ड गेला, पण नंबर काही तिच्या डोक्यातून गेले नाहीत. कापड दुकानाचा, आगीच्या बंबाचा, कधीच वारलेल्या वकिलाचा, कुठलाही विचारा, भाजी चिरता चिरता ती सांगे. लग्न तिनं केलं नाही. बहीण अचानक गेली तेव्हा चार वर्षांची भाची तिनं आपल्याकडे आणली, वाढवली, शिकवली, लग्न लावून दिलं. आता एकाहत्तराव्या वर्षी ती त्याच भाचीकडे राहत होती. भाची शाळेत शिकवायची, जावई नकाशे काढायच्या ऑफिसात. दोघं घरी यायची सातला.

मावशीकडे एक छोटी, जुनी गाडी होती. रोज दुपारी ती घेऊन ती आपल्या एक्स्चेंजमधल्या सुपरवायझर बाईंकडे जाई. बाईंची दृष्टी गेली होती, मावशी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. पाचच्या सुमाराला परत. गाडी गॅरेजात लावायची, भिंतीवरचं बटण दाबायचं, मोटर घरघरली की आतल्या दारानं थेट स्वयंपाकघरात. इतकी वर्षं हेच चाललं होतं.

एका संध्याकाळी भाची आली आणि पर्स खाली न ठेवताच म्हणाली, "मावशी, गॅरेजचं दार उघडं राहिलंय गं."

"मी बंद केलं की."

"सताड उघडं आहे."

मावशी जाऊन बघते तर खरंच. दार वर छताला टेकलेलं, आणि गाडीच्या टपावर शेजारचं मांजर ऐसपैस पसरलेलं. तिनं बटण दाबलं. दार गुमान खाली आलं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग मधे एक दिवस ठीक, मग पुन्हा उघडं. भाची काही बोलली नाही, आणि ते न बोलणंच मावशीला लागलं. कारण गेल्या महिन्यात एकदा शेगडी चालू राहिली होती. दूध जळून काळं ठिक्कर पडलं होतं. तेव्हा भाची हसून म्हणाली होती, "होतं गं असं." आता ती हसत नव्हती.

आणि मग जावयाची सायकल गेली.

गॅरेजच्या भिंतीला टेकवलेली नवी कोरी सायकल, आठवड्यातून एकदा तो मोठ्या हौसेनं चालवायचा. त्या संध्याकाळी दार उघडं होतं आणि सायकलीच्या जागी नुसती भिंत. जावई भला माणूस. तो एवढंच म्हणाला, "जाऊ द्या मावशी, वस्तूच ती." त्यापेक्षा तो चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. मावशी रात्रीचं जेवली नाही. बटण दाबल्याचं तिला स्पष्ट आठवत होतं. बोटाला लागलेलं बटण, मोटरीचा आवाज, सगळं. पण आठवत होतं ते आजचं की कालचं? रोज एकच गोष्ट केली की एक दिवस दुसऱ्यावर चढतो. कुठला कुठला, कसं सांगणार?

भाचीनं हळूच डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ. त्यांनी वार विचारला, वर्ष विचारलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. मावशीनं सगळं पटापट केलं. मग ते म्हणाले, "मी पाच शब्द सांगतो. थोड्या वेळानं परत विचारीन." पाचातले चार तिला आठवले. पाचवा काही केल्या येईना. घरी येताना गाडी सिग्नलला थांबली, तशी ती एकदम म्हणाली, "झाडू, चावी, मखमल, नदी. पाचवा काय होता गं?"

"मी बाहेर बसले होते, मावशी."

"चारही नीट आठवतात. मग पाचवाच गेला कुठे?"

डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं ठरवलं की बटण दाबून आत जायचंच नाही. तिथेच उभं राहायचं. सव्वापाचला तिनं गाडी लावली, बटण दाबलं आणि डोळे फाडून बघत राहिली. दार हातभर खाली आलं, थबकलं, आणि आलं तसं वर गेलं. छताचा दिवा फडफडला.

"अरेच्चा!"

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. म्हणजे आपण बंद करत होतो! दार परत जात होतं! तिला इतका आनंद झाला की तिनं तिथूनच भाचीला फोन लावला. भाची धावपळ करत सहाला घरी पोचली. मावशीनं ऐटीत बटण दाबलं, आणि दार सरळ खाली येऊन जमिनीला टेकलं. उघडलं, दाबलं, पुन्हा टेकलं. पाच वेळा. भाची तिच्याकडे बघत होती, दाराकडे नाही.

शनिवारी सकाळी दुरुस्तीवाला आला. त्यानं रुळांना वंगण दिलं, दोन बोल्ट आवळले, स्प्रिंगकडे मान वर करून पाहिलं. दार त्यानं दहा वेळा चालवलं, दहाही वेळा बंद झालं.

"आजी, दार ठणठणीत आहे."

"माझ्या हातानं होत नाही हो."

"दाराला काय कळतंय, हात कुणाचा ते?" तो हसला आणि गेला.

पण रविवारी संध्याकाळी ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. तिघं गॅरेजात उभी होती. मावशीनं बटण दाबलं, दार परत वर गेलं. "बघ! बघ!" ती ओरडली. जावई पुढे झाला, त्यानं अंगठ्यानं बटण दाबलं, आणि दार निमूट खाली आलं. भाचीनं केलं, परत गेलं. जावयानं केलं, आलं. आता तिघंही चक्रावली.

"तुझं काय, दाराशी सोयरीक आहे की काय?" भाची नवऱ्याला म्हणाली. त्याला हसू आवरेना. मावशीला मात्र हसू येईना. निदान आता ती एकटी गोंधळलेली नव्हती, एवढंच.

सोमवारी ती बाईंकडे गेली नाही. चारपासून स्टूल घेऊन गॅरेजात बसली. एक्स्चेंजमध्ये लाईन बिघडली की ती पहिल्यांदा एक टोक धरायची आणि दुसऱ्या टोकापर्यंत जायची. इथे टोक कुठलं? मोटरीपासून निघालेली तार तिनं नजरेनं धरली. ती छतावरून भिंतीवर, भिंतीवरून खाली आली होती, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बोटाएवढ्या दोन डब्यांत शिरली होती. दोन्ही डब्या समोरासमोर, प्रत्येकीला काचेचा एक डोळा, आणि वर इवलासा दिवा. एक लागलेला. दुसरा विझलेला.

एक डोळा उजेड सोडून बोलतो, दुसरा तो झेलून ऐकतो, तिच्या मनात आलं. मधे कुणी आलं तर ऐकू येत नाही, आणि दार माणसाला चेपू नये म्हणून वर जातं. पण मधे तर कुणीच नव्हतं! तिनं ओढणीच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या. विझलेला विझलेलाच. नीट बघावं म्हणून ती बाहेर अंगणात जाऊन दाराच्या बाजूला वाकली, तसा दिवा लागला. ती सरळ झाली, बाजूला सरकली. विझला. परत वाकली. लागला.

आता तर डोकंच चालेना. आडवं आलं की विझायला हवा, हा लागतो कसा? तिनं हात पुढे केला, मागे घेतला. मग तिचं लक्ष जमिनीवर गेलं. तिची लांबलचक सावली बरोबर त्या काचेवर पडत होती. तिनं मान वळवली आणि डोळे दिपून मिटले. मावळतीचं ऊन तिरपं, सरळ त्या डबीच्या डोळ्यात घुसत होतं. पूर्वी ते तिथवर कधी येत नव्हतं, कारण तिथे शेजाऱ्यांची पुरुषभर उंचीची झुडपं होती. ती त्यांनी महिन्यापूर्वी छाटून टाकली होती.

तिनं दुरुस्तीवाल्याला फोन लावला. नंबर अर्थात पाठ होता.

"ऐकणाऱ्या डबीत ऊन जातंय हो. तिला समोरच्याचं ऐकूच येत नाही."

"आयला! मी सकाळी आलो होतो ना, तेव्हा तिथे ऊनच नसतं." मग तो म्हणाला, "डब्यांची अदलाबदल करून देतो उद्या. ऐकणारी उन्हाकडे पाठ करून बसेल."

"आणि आमच्या जावयाच्या हातानं कसं बंद होतं?"

"बटण दाबून धरत असतील. धरून ठेवलं की दार डब्यांचं ऐकत नाही, मालकाचं ऐकतं."

तो येईपर्यंत मावशीनं पुठ्ठ्याची नळी करून डबीच्या डोळ्यावर बसवली. बटण दाबलं. दार खाली आलं, टेकलं. सातला भाची आली आणि तिला सगळं कळलं तेव्हा तिथेच, स्टूलवर बसून रडली. "मी तुला डॉक्टरकडे नेलं गं," ती म्हणत राहिली. जावयानं स्वतः चहा केला. साखर विसरला, पण कुणी बोललं नाही.

मावशी मात्र चार दिवसांनी जेवताना मधेच थांबली.

"सायकल गेली त्या दिवशी ढग होते," ती म्हणाली. "मी बाईंना वाचत होते तेव्हा अंधारून आलं, त्यांच्या घरी दिवा लावावा लागला. ऊन नव्हतं मुळी. मग दार का उघडं राहिलं?"

जावई म्हणाला, "संध्याकाळी उघडीप झाली असेल."

"असेल. नसेलही." तिनं घास उचलला, परत ठेवला. "शेगडीला तर कुठे ऊन लागत नाही."

भाची काही बोलणार होती, पण मावशीनंच तिचा हात थोपटला. म्हणाली, "डॉक्टरांची तीन महिन्यांनंतरची वेळ रद्द करू नकोस. जाऊन येऊ."

भाचीनं मान हलवली आणि तिच्या पानात भात वाढला.