दोन ओळींचा पायथागोरस

नवऱ्याची बदली तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी कारखान्यात झाली आणि मी तिथल्याच एका खासगी शाळेत दहावीला गणित शिकवू लागले. मी स्वतः पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या शिस्तीत वाढलेली. प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहायचं. नाही लिहिलं तर गुण गेले. इथे माध्यम इंग्रजी, पण कारण तर कुठेही द्यावंच लागणार, अशी माझी भाबडी समजूत.

सहामाहीत मी पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करायला दिलं. पेपर तपासायला घेतले, तर निम्म्याहून अधिक वर्गाने साईनचा वर्ग अधिक कोसाईनचा वर्ग बरोबर एक, हे सूत्र लावून दोन ओळींत पायथागोरसचा निकाल लावलेला. कारण कुठेच नाही. ही करामत स्टेशनजवळच्या क्लासच्या सरांची. त्यांचा हसरा चेहरा आमच्या भागात खांबाखांबावर टांगलेला असतो. आता गंमत अशी की आमच्या पुस्तकात ते सूत्र सिद्ध केलंय पायथागोरसच्याच आधाराने. म्हणजे बापाला मुलगा जामीन आणि मुलाला बाप. मी त्या सगळ्यांना शून्य दिलं.

आठवडा संपायच्या आत पालक प्रिन्सिपलच्या खोलीत हजर. त्यांचे पुढारी ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात इंजिनियर होते, तेही क्वालिटी विभागात.

"मॅडम, उत्तर बरोबर आहे ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"उत्तर प्रश्नातच छापलेलं होतं. सिद्धता मागितली होती."

"दोन ओळींत होतंय, तर पानभर कशाला?"

मी सूत्र कुठून येतं ते कागदावर करून दाखवलं. ते हुशार होते, लगेच समजले. चेहऱ्यावर दिसलंच. मला हुरूप आला. म्हटलं, "तुमच्या कारखान्यात ब्रेक न तपासता ट्रक सोडता का?"

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिथे ट्रक रस्त्यावर जातो. इथे फक्त मार्क जातात."

प्रिन्सिपल सरांना वाद सोसत नाही. त्यांनी सगळ्यांना कॉफी पाजली आणि तोडगा काढला: या प्रश्नाचे पूर्ण गुण सगळ्यांना. ज्यांनी जागा कोरी सोडली होती, त्यांनाही. भूमितीत तडजोडीची कसोटी असते, हे मला पहिल्यांदाच कळलं. गुण बदलल्याची नोंद करताना मी विचारलं, "सर, कारण काय लिहू?"

"ते राहू दे," सर म्हणाले.

पालक खूश होऊन गेले. रागावली ती एकच मुलगी. ती तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली. तमिळ हेलात, अडखळत का होईना, माझ्याशी हट्टाने मराठी बोलायची. तिने लंब टाकून, त्रिकोण समरूप दाखवून, पायरीगणिक कारणं देऊन पानभर सिद्धता लिहिली होती.

"टीचर, त्यांना पण फुल, मला पण फुल?"

"शाळेने ठरवलं."

"अय्यो, मग मी एवढं कारण-कारण कशाला लिहिले?"

मी फळा पुसू लागले. तो आधीच पुसलेला होता.

पुढच्या चाचणीत मी मुद्दाम तोच प्रश्न पुन्हा घातला. या मुलीने पेपरात साईन-कोसाईनच्या त्याच दोन ओळी लिहिल्या होत्या, सुबक अक्षरात. पुढे कंसात कारणही दिलं होतं: शाळेच्या निर्णयानुसार.

मी खूप हसले. मग शून्य दिलं आणि गुणांच्या वहीत नोंदही करून टाकली.

पेपर हातात पडल्यावर तिने ते शून्य बघितलं. मला वाटलं, आता रडते.

"हां," ती म्हणाली, "आता बरोबर."