शिल्लक शून्य

गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी पावणेतीन वाजता, सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, माझी पत्नी शोभा, तिची मावशी आणि मी असे तिघे हजर असताना, एका ताटातल्या अन्नाचं वजन दोनशे दहा ग्रॅम भरलं. ताटाचं स्वतःचं वजन आधीच वजा केलेलं होतं. ते ताट कोणाचं, हे पुढे येईलच. ज्यांनी ते काट्यावर ठेवलं त्यांच्याबद्दल आधी सांगतो, कारण आमच्या गावात पावर हाउसच्या वस्तीपासून रिसालीपर्यंत असं एकही घर नसेल जिथे मावशींनी दुसऱ्याच्या ताटात वाकून पाहिलेलं नाही, आणि एवढं करूनही त्यांना पुन्हा जेवायला न बोलावणारं घरही नसेल.

मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मावशी संशोधनात गेल्या. विकसनशील देशांतलं आरोग्य, विषमता आणि जमिनीला व माणसाला दोघांनाही दीर्घकाळ परवडेल असा आहार, अशा काहीतरी विषयाचा तो अभ्यास होता. त्याचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की त्यांच्या ओळखपत्रावर ते अर्ध्यातच संपलं होतं. मावशी त्याला 'ताटाचं काम' म्हणत. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या स्कूटीवरून वस्त्यावस्त्यांत आणि क्वार्टराक्वार्टरांत फिरत. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फॉर्म, आणि लहान बाळाच्या टॉवेलात गुंडाळलेला स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा. रस्त्यात खड्डा आला की त्या एका हाताने पिशवी छातीशी धरत आणि स्कूटी देवाच्या भरवशावर सोडत.

'थोडं', 'पोटभर', 'नेहमीसारखं' या शब्दांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. 'जेवलात का?' हा प्रश्न त्या कधीच विचारत नसत, कारण त्याला सगळे हो म्हणतात. त्या विचारत, 'काल पोळ्या सरल्या, तव्हा घरात कोन कोन जेवाचं होतं?' मग समोरची बाई गप्प झाली की त्या लिहायला लागत. रिसालीतल्या एका साखरपुड्यात नवरी त्यांच्या पाया पडायला वाकली, तर मावशींनी आशीर्वाद देण्याआधी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून आत लाली किती ते पाहिलं. नवऱ्या मुलाच्या आईचा चेहरा पडला. मावशींनी तिचीही पापणी ओढून पाहिली आणि दोघींना मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी खायला सांगून त्या जिलेबीच्या काउंटरकडे वळल्या. एकदा आम्ही सगळे नागपूरला लग्नाला निघालो होतो. दुर्ग सुटल्यावर त्यांनी शेजारच्या बाईला सकाळपासून काय खाल्लं ते विचारलं. गोंदिया येईपर्यंत अर्धा डबा आपण काय खाल्लं ते आठवून आठवून सांगत होता, आणि एक गृहस्थ तर पाचव्या भज्याची कबुली द्यायला परत आले.

या मावशींचा सर्वात मोठा चाहता मीच होतो, आणि त्याचं कारण स्वार्थी होतं. मी पोलादाच्या प्लांटमध्ये मालगाडीच्या वॅगन तोलायच्या काट्यावर असतो. भरलेली वॅगन, रिकामी वॅगन, फरक, नोंद, सही. तेवीस वर्षं हेच केल्यामुळे माझा असा समज होता की जगात वजन या गोष्टीचं महत्त्व कळणारी दोनच माणसं आहेत, आणि दोघंही एकाच घराशी नातं ठेवून आहेत. घरी माझं एक रजिस्टर आहे. त्यात विजेचे युनिट, सिलिंडर लावल्याची तारीख, कणकेचा महिन्याचा खप आणि स्कूटरचं ॲव्हरेज असतं. चार वर्षांपूर्वी मावशी आमच्याकडे बसल्या असताना फेकलेल्या एका पोळीमागे किती पाणी, किती जमीन आणि किती बाईमाणसाचे कष्ट जातात, यावर तासभर बोलल्या. मी इतका भारावलो की त्याच संध्याकाळी रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला : शिल्लक. पहिल्या महिन्यात रोज एखाददुसरी पोळी उरल्याची नोंद आहे. मी शोभाला रोज विचारायचो की का उरली. दुसऱ्या महिन्यापासून रकान्यात शून्य येऊ लागलं आणि पुढे चार वर्षं शून्यच राहिलं. काटाघरातल्या लोकांना मी ते पान नेऊन दाखवलेलं आहे. शून्य कसं येतं, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. शून्याला कोण कारण विचारतो?

मग गेल्या पावसाळ्यापासून शोभाला चक्कर येऊ लागली. आमच्या क्वार्टरचा जिना बावीस पायऱ्यांचा आहे आणि ती अकराव्या पायरीवर बसू लागली. विचारलं तर म्हणायची, 'काही नाही, जरा दम खाऊन राहिली.' एकदा भाजीची पिशवी हातातून सुटली आणि टोमॅटो खाली गेटपर्यंत गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फारच कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि आहाराबद्दल विचारलं. मी रजिस्टर बरोबर नेलेलं होतंच. कणकेचा रकाना उघडून मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे खाण्यापिण्याची कमतरता नाही, आकडे समोर आहेत. डॉक्टरांनी एकदा रजिस्टरकडे पाहिलं, एकदा शोभाकडे पाहिलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी बीट आणले, खजूर आणले, गोळ्यांची वेळ लिहून फ्रिजवर चिकटवली. तीन महिन्यांनी शोभा अकराव्याऐवजी नवव्या पायरीवर बसू लागली.

मावशींच्या अभ्यासात आमचं घर यावं अशी माझी फार इच्छा होती. पण नातेवाइकांची घरं त्यात घेत नाहीत. शेवटी मी त्यांच्याकडून एक कोरा फॉर्म मागून घेतला आणि तीन दिवसांची रजा टाकून घरातलं दुपारचं जेवण मोजलं. कामाची पद्धत माझीच : भरलेलं पातेलं, रिकामं पातेलं, फरक. पोळ्या तीन दिवसांच्या मिळून बेचाळीस झाल्या, माणसं चार : माझे वडील, मी, शोभा आणि आमची मुलगी मिनू. भागाकार करून मी प्रत्येकाच्या नावापुढे सुवाच्य अक्षरात रोजच्या साडेतीन पोळ्या लिहिल्या आणि फॉर्म मावशींच्या हातात दिला. शाबासकी घ्यायला जरा पुढे सरकूनच बसलो होतो.

मावशींनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. "आबाजी साडेतीन, तुमी साडेतीन, मिनू साडेतीन, अन् शोभा बी साडेतीन?"

सरासरी आहे, मी म्हणालो.

"सरासरी कुठी बसून जेवते, जवाईबापू? तिले पोट असते का?" त्यांनी फॉर्मची घडी घातली. "तुमी वॅगन तोलता. वॅगनीतला कोळसा दुसऱ्या कोळशाले म्हनत नाही का तू खा, मले भूक नाही."

मिनू आतून म्हणाली, "पापा, गए आप." मी तिकडे लक्ष दिलं नाही. खरं तर ताटं मोजणं मलाही सुचलं असतं. पण आमच्याकडे खाणाऱ्याच्या पोळ्या मोजत नाहीत. माझी आई तवा उतरवून होईपर्यंत किती झाल्या हे स्वतःशीसुद्धा मोजायची नाही, मोजल्याने खाणाऱ्याला बाधतं म्हणायची. आयुष्यात मी विजेच्या मीटरपासून मालगाडीपर्यंत सगळं मोजलं, एवढी एक गोष्ट सोडून. आणि नेमकी तिथेच गोम होती.

तर तो जानेवारीतला रविवार. मावशी अभ्यासासाठी नाही, तर माझा फॉर्म दुरुस्त करायला म्हणून अकरा वाजता आल्या आणि ओट्याच्या कोपऱ्यात काटा मांडून बसल्या. त्यांचा कामाचा नियम असा की मोजणाऱ्याने वाढायचं नाही, सुचवायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. बोलण्यासाठीच जन्मलेली ही बाई पावणेचार तास गप्प बसली, यावरून त्यांची कामावरची निष्ठा कळावी. पोळ्या चौदा झाल्या. आबा ठीक साडेबाराला बसले, त्यांना चार गेल्या. मिनूला तीन. मला पाच, तव्यावरून थेट ताटात, एकेक फुगलेली. माझं ताट भात, वरण, भाजी धरून सातशे चाळीस ग्रॅम भरलं. मी उठलो, हात धुतले, आणि काटा बरोबर शून्यावर आहे ना हे बघायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. दोन पोळ्या डब्यात उरल्या होत्या. शोभा अजून बसलेली नव्हती. आणि मी, लग्न झाल्यापासून रोज म्हणतो तसं, म्हणालो, "अर्धी पोळी आहे का गं गुळाबरोबर?"

ही अर्धी पोळी म्हणजे माझं गोड. ती जेवणात धरत नाहीत, अशी माझी समजूत. शोभाने ताटली पुढे केली. मावशींनी मध्येच हात घालून ती काट्यावर ठेवली, गूळ बाजूला काढला आणि मला आकडा दिसेल असा काटा फिरवला. घरातली पोळी अडतीस ग्रॅमची. माझी अर्धी पोळीही अडतीस ग्रॅमचीच. नवऱ्याच्या ताटात तुकडा वाढायचा नाही म्हणून शोभा लग्नापासून मला अख्खीच देत होती आणि मी तिला लग्नापासून अर्धीच समजत होतो.

मी ती खाल्ली, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. त्यानंतर शोभाने भांडी आवरली, आबांचं औषध दिलं, आणि पावणेतीनला ताट घेतलं. एक पोळी, पातेल्याच्या कडेची भाजी, खरवडलेला भात, त्यावर वरण. दोनशे दहा ग्रॅम. डबा रिकामा, पातेली रिकामी. शिल्लक शून्य.

मावशींनी फॉर्म पूर्ण भरला, सही केली, आणि मगच तोंड उघडलं. रजिस्टर मागितलं. शिल्लकचा रकाना त्यांनी बोटाने वरून खाली पाहिला, पान उलटलं, पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "शोभे, हे शून्य कोन आनते व?"

शोभा आधी हसली. मग ताटाकडे बघत म्हणाली, "उरली का हे विचारतात, कावून उरली. लिहून ठेवतात. मग मी कणिकच कमी भिजवते. उरली तं मी खाते, नाही उरली तं नाही खात. जमते ते बरोबर."

तक्रारीचा सूर नव्हता. काटाघरात नवीन माणसाला काम समजावून सांगावं तसं तिने सांगितलं. वजनं जुळत नसली की आम्ही शेवटी एक तफावतीची नोंद टाकतो आणि बेरीज बसवतो. चार वर्षं माझ्या घरात ती नोंद ओट्यापाशी उभी होती, आणि मी तिला बीट आणून देत होतो. मी गुळाचा डबा झाकणाने बंद केला.

मावशी मला फाडून खातील अशी माझी तयारी होती. पण त्यांनी काटा परत टॉवेलात गुंडाळला. "चूक माही बी हाय," त्या म्हणाल्या. "उरू देऊ नका म्हनून गेली. कोनं संपवाचं, ते नाही सांगतलं."

त्या दिवसापासून आमच्याकडे चौघं एकत्र बसतात. पहिल्या आठवड्यात पोळ्या थंड झाल्याबद्दल आबांनी निषेध म्हणून भातच खाल्ला. रविवारच्या पोळ्या मी करतो. त्यांची वजनं बावीस ग्रॅमपासून एकाहत्तर ग्रॅमपर्यंत असतात आणि मिनू त्यांना वॅगन म्हणते. रजिस्टरमध्ये रोज दोनतीन पोळ्या शिल्लक दिसतात. का उरल्या, असं मी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फोडणीच्या होतात आणि सगळे खातात. डॉक्टर म्हणाले, सुधारतंय. एप्रिलमध्ये शोभा बावीस पायऱ्या न थांबता चढली. मी खालून मोजत होतो, तिला सांगितलं नाही.

मावशींचा अभ्यास मे महिन्यात संपला. फॉर्म कुठेतरी लांब गेले, काटा त्यांना परत जमा करावा लागला. काही दिवसांनी मी लिंबं द्यायला रिसालीला त्यांच्या घरी गेलो, तर त्या ओट्यापाशी उभ्या राहून कढईतूनच भात खात होत्या. रिकामा टॉवेल फळीवर घडी करून ठेवलेला. मी सवयीने विचारून गेलो की तुमच्या ताटाचं वजन कधी केलंत का.

"आपल्या घरी इषमता नाही, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "एकच मानूस. कोन कोनाच्या आधी जेवन?" आणि हसल्या. मीही हसलो. परत येताना स्कूटरचं ॲव्हरेज काढायचं विसरलो.

आता दर रविवारी त्या आमच्याकडे जेवतात. आधी नाही नाही म्हणत होत्या, की ज्या घरात मोजलं तिथे खायचं नसतं. शोभाने त्यांना सांगितलं की आमचं घर तुमच्या यादीत नव्हतंच. परवाच्या रविवारी हजर पाच जण होते. जेवणं झाली, हात धुतले, आणि शोभाने उरलेल्या पोळ्या, वर थोडा गूळ, असं मावशींच्या डब्यात भरायला घेतलं. मी सवयीने रजिस्टर उघडलं आणि पेनचं टोपण काढलं.

"मोजू नका," शोभा म्हणाली. "खानाऱ्याच्या मोजत नाहीत."

त्या रविवारची नोंद अशी आहे : कणिक सातशे ग्रॅम. शिल्लक, मावशींना दिली. आकड्याची जागा कोरी आहे.