पहिल्या ओळीतला श्री

पंचवटीतले डोळ्यांचे डॉक्टर अकराला येणार होते आणि दहा वाजून गेले तरी त्यांच्या वेबसाइटवरचा तपासणीच्या वेळांचा तक्ता मुंगीएवढ्या अक्षरांत दिसत होता. बाकी पान ठीक. डॉक्टरांची अट एकच: "माझे पेशंट मोतीबिंदूवाले. वेळा मोठ्या अक्षरांत दिसल्या नाहीत, तर काम दुसऱ्याला देईन." पुण्याची नोकरी सोडून, नाशिक रोडला घरी बसून घेतलेलं हे माझं पहिलंच काम. माझी पाचावर धारण बसली.

आदल्या संध्याकाळी तक्ता चांगला ठसठशीत होता. सकाळी मी फाइल वेबसाइटवर चढवली, एवढंच. सगळं तपासून झालं, आईवर खेकसूनही झालं. ब्राउझर कधी चूक दाखवत नाही, हीच त्याची खोड. अर्धवट लिहा, चुकीचं लिहा, तो आपल्या अंदाजाने पान मांडून मोकळा. अगदी आमचे वडील. मी नोकरी सोडल्यापासून तेही माझ्या कामाबद्दल मूग गिळून होते.

शेवटी फाइल अगदी वरून वाचायला घेतली. पहिलीच ओळ: ॥ श्री ॥.

पानाच्या माथ्यावरही तो सकाळपासून दिसत होता. पण आपल्याकडे श्री कुठे नसतो! डोळा त्यावर थांबलाच नव्हता. खरं तर पान आजच्या पद्धतीचं आहे, हे पहिल्या ओळीत जाहीर करायचं असतं. त्याआधी एक अक्षर जरी आलं, तरी ब्राउझर ते पान जुन्या जमान्यातलं धरतो. आणि जुन्या रीतीत पानाला दिलेला अक्षरांचा आकार तक्त्यापर्यंत पोचत नाही.

लॅपटॉप रात्रभर जेवणाच्या टेबलावर उघडा होता. मी तणतणत बाहेर आले. "पप्पा, माझ्या फाइलला हात लावलात?"

ते पेपरामागूनच म्हणाले, "नवीन काम सुरू केलंस. वर श्री नव्हता."

मला एकदम रडूच आलं. तशीच आत गेले, ओळ हलवली, फाइल पुन्हा चढवली. तक्ता मोठा झाला. वडील दारात उभे होते.

"पुसलास?"

"नाही. एक ओळ खाली घेतलाय."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लांबूनच वाचलं, "सोमवार, सकाळी दहा ते एक." मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, चहा टाक. हिचे क्लायंट येतायत."