दादाचा उजवा हात

फोन आला तेव्हा मी दादाशीच भांडत होते. मनातल्या मनात, म्हणजे नेहमीसारखीच. खेडच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन येताना मी त्याला बजावत होते, की पुढच्या महिन्यात मेडिकल बोर्डापुढे उभा राहिलास आणि साहेबाने "दुखतं का?" असं विचारलं, तर दुखतं म्हण. तुला तेवढा एकच शब्द बोलायचा आहे, मेल्या! एवढ्यात पिशवीतला फोन वाजला. पूर्णगडजवळच्या आमच्या गावाहून वहिनी बोलत होती. "बाय, हे गेले गो," ती म्हणाली. अंगण झाडताना दादा पायरीवर टेकला आणि तसाच कलंडला. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "मग बोर्डाचं काय?" भाऊ गेल्याचं ऐकून बहिणीने हे विचारावं... पण गेली काही वर्षं आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

दादा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. वरच्या बर्फातल्या एका चौकीत असताना बंकरमधली बुखारी, म्हणजे ऊब देणारी रॉकेलची शेगडी, भडकली. दादा बाहेर पडला होता, पण आत एक पोरगा झोपलेला आहे हे आठवून परत शिरला. पोरगा वाचला. दादाचा उजवा हात मनगटापासून खांद्यापर्यंत आणि तिथून मानेपर्यंत भाजला. जखमा भरल्या, पण कातडी आखडली. काखेत तर अशी ओढ बसली, की हात खांद्याच्या वर नेला की डोळ्यांत पाणी यायचं. घरात ते पाणी फक्त वहिनीने पाहिलं. लोकांसमोर दादा भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावून. मी चिडवायची, नवरदेवासारखा काय घामाघूम बसतोस? तो हसायचा आणि बटण आणखी घट्ट करायचा.

त्या व्रणांवर औषध एकच, आमच्याकडचं मुठेल. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, उकळून वहिनी ते तेल काढायची. गार झालं की ते घट्ट होतं, मग मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. रोज संध्याकाळी चुलीच्या कडेला वाटीत एक तुकडा वितळायचा, आणि माजघरात दादा पाटावर बसून हात पुढे करायचा. वहिनी मनगटापासून चोळत वर जायची. दोघं काही बोलत नसत. मी माहेरी गेले की उगाच मध्ये बडबड करायची आणि दोघांचाही ओरडा खायची.

निवृत्त होताना कागदावर व्रणांची नोंद झाली, पण किरकोळ म्हणून. अपंगत्वाचं निवृत्तिवेतन नाकारलं. दादाने अपील केलं. पैशासाठी करतो असं गावात दोघंतिघं बोलले, तेव्हा तो फार पेटला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. हा हात नोकरीत गेला, तो गेला असं त्यांनी लिहावं. किरकोळ कुणी म्हणू नये. मग पुण्याला पुन्हा तपासणीसाठी बोलावणं आलं, आणि तिथे या दोघा शहाण्यांनी जे केलं ते आठवलं की अजून माझं डोकं तडकतं. साहेबापुढे जायचं म्हणून महिनाभर वहिनीने दोन्ही वेळा मुठेल चोळलं. त्या दिवशी पहाटेसुद्धा लॉजवर. कातडी कशी लोण्यासारखी केली! दादाने दाढी केली, बूट चमकवले, जुनी फौजी टोपी घातली, आत गेला आणि त्या उजव्या हाताने खाडकन सलाम ठोकला. डॉक्टर साहेबाने शर्ट काढायला सांगून हात वर करा म्हटल्यावर यांनी केला, सरळ आभाळाकडे. दुखतं का? "नाही साहेब." बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यायला आणि तासभर बाकावर बसून राहिला, असं वहिनीने मला नंतर सांगितलं. व्रण मऊ आहेत, हालचालीला अडथळा नाही, असं बोर्डाने लिहिलं. त्यांनी तरी दुसरं काय लिहायचं? डोळ्यांना दिसलं ते लिहिलं.

दादाने फौजेच्या लवादाकडे दाद मागितली, आणि लवादाने पुन्हा तपासणीचा हुकूम केला. रत्नागिरीचे आमचे वकील तरुण आहेत, पण बोलतात सरळ. ते म्हणाले, काका, आता तेल बंद. हात जसा आहे तसा दिसू दे. दादाला ते पटेना. "ते सोंग झालं," तो म्हणाला. मी तिथे वकिलांच्या खोलीतच त्याच्यावर तुटून पडले. अरे, तेल लावून गुळगुळीत केलेला हात खरा, आणि आपोआप सुकलेला तो सोंग? हे कुठल्या रेजिमेंटात शिकवतात? वकील हसले, वहिनी हसली नाही. शेवटी तिनेच वाटी उचलून कोनाड्यात ठेवली, आणि तेल बंद झालं.

त्यानंतर त्या घरात कुणाला चैन म्हणून नव्हतं. तारीख मिळायची, पुढे जायची. व्रण कोरडे पडले, पांढुरके झाले, काखेत भेगा पडून रक्त येऊ लागलं. दादा जेवताना डाव्या हाताने घास घेऊ लागला. संध्याकाळ झाली की वहिनीला करायला काही उरत नसे, मग आवरलेलीच भांडी ती पुन्हा आवरायची. मी शेवटची गेले तेव्हा दादा अंगणात येरझारा घालत होता. हात छातीशी धरलेला, जणू उसना आणलाय. मी म्हटलं, खाली बस ना रे जरा. तर म्हणाला, "बसलो की आवळतं. एकदा त्यांना बघू दे, मग निवांत बसतो." त्याला इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी भांडायचं विसरले.

गावी पोचले तेव्हा त्याला अंघोळ घालायची तयारी चालली होती. मी वकिलांना फोन लावला. ते चाचरत म्हणाले की जमलं तर हाताचे फोटो काढून ठेवा. राग आला मला, पण त्यांचं चूक नव्हतं. मी फोन घेऊन माजघरात गेले. वहिनी कोनाड्यातली वाटी काढून तळव्यावर मुठेल चोळत होती. मी फोटोचं सांगितलं. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "लय दिवस सुका ठेवलाय," एवढंच म्हणाली आणि मनगटापासून सुरुवात केली. कितीतरी वेळ चोळलं तिने. मी फोटो काढला नाही. बाहेर बुद्धाचं त्रिसरण म्हणायला माणसं जमली होती, ती थांबली.

आता काही आठवडे झाले. मी खेडहून दर रविवारी एसटीने येते, कारण घरी मला बसवत नाही. अपील वहिनीच्या नावावर पुढे चालू आहे. कधी उपचारांचे जुने कागद लागतात, कधी दाखले. पण मला राहून राहून एकच वाटत होतं, की दाखवायचा होता तो हातच चितेवर जळून गेला, आता कशाच्या जोरावर भांडायचं? काल संध्याकाळी तेच मी तिच्यासमोर बोलून गेले. ती चुलीपाशी होती. कडेला वाटीत तुकडा वितळत होता, सवयीने ठेवलेला असणार. तिने वाटी उचलली, पाट सरकवला आणि मला म्हणाली, "उजवा हात दे."

माझ्या हातावर साधा ओरखडाही नाही. तिने मनगटापासून चोळायला घेतलं. कोपराच्या आत आली आणि तिची बोटं आपोआप हलकी झाली. "इथे पहिली भेग पडायची," ती म्हणाली. आणखी वर गेली. "इथे ओढायचं." काखेपाशी ती थांबली. "इथे हात लावला की ते श्वास धरायचे. मी सांगणार आहे त्या लवादाच्या साहेबांना. सगळं सांगणार." मग तिने माझा हात जपून खाली घेतला आणि तळवा धरून बसली. मी श्वास धरला होता ते मला तेव्हा कळलं.