पुराची रेघ

गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा माणूसही तसाच, बोलायला ना इकडे झुकणार ना तिकडे. नदीकाठच्या त्या छोट्या शहरात जुनी घरं भरपूर आणि त्यांचा इतिहास सांगणारे त्याहून भरपूर. पण कुठली भिंत मूळची, कुठला मजला मागून चढवलेला, यावर वाद पेटला की शेवटी ओळंब्यालाच बोलावत. तो दगडावर बोटं वाजवायचा, चुन्याची खपली जिभेला लावून बघायचा आणि निकाल द्यायचा. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खोट होती ती एका खऱ्याखुऱ्या रेघेत, आणि ती त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत अकरा जुनी घरं आहेत. कोपऱ्यावरच्या घराच्या दगडात पणजोबांच्या काळातल्या मोठ्या पुराची रेघ कोरलेली आहे. पालिकेच्या इंजिनिअर बाई एक दिवस टेप घेऊन आल्या. रेघ जोत्याच्या फूटभर वर भरली. म्हणजे तेव्हा पाणी घरात शिरलं होतं. अशी घरं दुरुस्तीच्या यादीत बसत नाहीत, बाईंनी सांगितलं. ती पाडून तिथे नदीला भिंत घालायची.

गल्लीत घरोघरी हाच विषय सुरू झाला. ओळंब्याची थोरली बहीण तिथेच, सातव्या घरात राहायची.

"सगळे तुझं ऐकतात ना? मग बोल ना त्या बाईंशी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"ते तू बघ. या वयात मी कुठे जाऊ?"

त्याच्याकडे बोलण्यासारखं होतं, तेच तर दुखणं होतं.

चाळीस वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या घराची ढासळलेली भिंत त्यानेच उतरवून पुन्हा बांधली होती. रेघेचा दगड काढण्याआधी रस्त्यापासूनची उंची त्याने सुतळीवर मोजली, गाठ मारली आणि सुतळी जपून ठेवली. काम तीन महिने चाललं. मधल्या काळात पालिकेने भराव टाकून रस्ता दीड फूट उचलला, आणि या शहाण्याने दगड बसवताना सुतळी धरली ती नव्या रस्त्यावरून. चुना सुकल्यावर चूक ध्यानात आली. रेघेचं शेपूट शेजारच्या घराच्या दगडावर गेलं होतं, ते आता दीड फूट खाली राहिलं होतं. पुन्हा दगड काढायचा तर चारचौघांत हसं. लोक नुकतेच कुठे त्याला ओळंबा म्हणायला लागले होते. त्याने ते शेपूट गिलाव्याखाली गाडलं आणि घरमालकाने केलेलं कौतुक खाली मान घालून ऐकून घेतलं. लोकांना तो विनय वाटला.

आता दोन दिवस त्याने स्वतःची समजूत घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची. बहिणीला आपल्याकडे आणता येईल. पण बाकीच्या दहा घरांतल्या माणसांना कुठे आणणार? तिसऱ्या दिवशी सकाळी तो छिन्नी-हातोडी घेऊन गल्लीत गेला, बाईंना बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, ही रेघ खोटी आहे. दगड मीच चुकीचा बसवलाय. खरी रेघ शेजारी आहे, तीही मीच लपवली."

बाईंनी त्याच्याकडे जरा रोखूनच पाहिलं. "काका, घरं वाचवायला म्हणताय का?"

त्याने शेजारच्या भिंतीवर, आपणच चढवलेल्या गिलाव्यावर छिन्नी ठेवली. गिलावा सुटता सुटेना. काम पक्कं केलं होतं, आता तक्रार कुणाकडे करणार. सत्तरीच्या हातांनी अर्धा तास ठोकल्यावर दगड उघडा पडला. रेघ होती. बाईंनी टेप लावली, मग पुन्हा एकदा लावली. जोत्याच्या सहा इंच खाली.

"म्हणजे पाणी घरात आलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

गल्लीत एकदम सगळे बोलायला लागले. बहीण पायरीवर बसून रडली, मग डोळे पुसून त्याला म्हणाली, "चाळीस वर्षं? अरे, मलासुद्धा नाही सांगितलंस?" चारचौघांत कबुली देताना वाटली नव्हती इतकी लाज त्याला तेव्हा वाटली.

बाईंनी पिशवीतून वही काढली. शहरातल्या जुन्या घरांची ती नोंद होती. कुठलं घर किती जुनं, कुणी बांधलं, आणि निम्म्याहून जास्त घरांपुढे 'माहिती ओळंबाकाकांकडून'. त्या नुसती पानं उलटत राहिल्या.

"काका," त्या अवघडून म्हणाल्या, "आता यातलं काय धरू आणि काय सोडू?"

"अहो, एका चुकीवरून असं काय..." मागून कुणीतरी म्हणालं. ओळंब्याने हात वर करून त्याला थांबवलं. बहिणीशेजारी पायरीवर बसून त्याने वही मांडीवर घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत तो पहिल्या पानापासून वाचायला लागला. बराच वेळ लागला. 

"पेन काढा," तो म्हणाला. "आणखी तीन घरांचं मी चुकीचं सांगितलंय."