न आलेलं 'येते'

सीटी स्कॅनच्या पडद्यावर आईची फुप्फुसं होती. शिरेतून सोडलेल्या औषधानं त्यांतल्या रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या, पानं गळालेल्या झाडासारख्या. एका जाड फांदीत मात्र काळा डाग होता. डॉक्टरांनी तिथे बोट ठेवलं. "औषध इथे आलंच नाही बघा. इथेच रक्ताची गुठळी आहे."

म्हणजे न आलेल्या गोष्टीवरून दुखणं ओळखायचं!

मला तासाभरापूर्वीचं आठवलं. मशीनच्या खोलीत शिरताना आई धापा टाकत म्हणाली होती, "जाते रे." आम्ही घरातून निघताना चुकून 'जातो' म्हटलं, तर हिनं जन्मभर उंबऱ्यावरच अडवलं. "जातो नाही, येतो म्हणावं." त्या दिवशी तिचंच 'येते' आलं नाही, आणि मला तिला अडवता आलं नाही.

गुठळी विरघळली. आता आई पुन्हा रोज भाजीला जाते. चपला घालते, पिशवी घेते, कठडा धरून जिना उतरू लागते. मी दारात उभा असतो. खालच्या वळणावरून "येते रे" ऐकू येईपर्यंत माझा श्वास सुटत नाही.