फोटोतल्या सोनियाचं घर

पलूसजवळच्या एका गावातल्या लीलाबाईंचे यजमान भाऊसो फौजेत हवालदार होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांच्या नावानं एखाद्या फौजीच्या घरी काहीतरी पोचवायचं, हा लीलाबाईंचा नेम.

यंदा वसुबारसेला सून क्रांतीच्या मोबाइलवर एक आवाहन आलं. हुतात्मा जवानाची तरणी बायको, कडेवर लेक, 'या घरची दिवाळी तुमच्या हातात', आणि खाली पैसे पाठवायचा कोड. लीलाबाईंनी डब्यातले पैसे काढून क्रांतीपुढं ठेवले. पण पैसे पाठवण्याआधी त्यांनी तिला आवाहनातल्या नंबरवर फोन लावायला सांगितला.

"आवं दादा, त्या पोरीचं गाव कंचं? मी जाऊन तिच्याच हातात देती."

"तसं चालत नाही मावशी. आजच पाठवा, उद्या मुदत संपते."

"दुःखाला कसली रं मुदत?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

"आत्या, खोटं असंल, सोडून द्या," क्रांती म्हणाली.

"मागणारा खोटा असंल. पर ही पोरगी तर खरी हाय न्हवं? तिचं डोळं बघ."

त्यांनी तो फोटो भाऊसोंचे जुने सोबती लालासाहेब यांना दाखवला. माजी सैनिकांत त्यांची मोठी ओळख. दोन दिवसांत पत्ता लागला. विट्याच्या पुढं एका वाडीत ती राहत होती, सोनिया तिचं नाव.

पाडव्याला लीलाबाई लाडू-चकल्यांचा डबा घेऊन एसटीनं वाडीवर गेल्या. सोनियाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फोटो गावातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमातला, कुणीतरी उचललेला. लीलाबाईंनी क्रांतीचा मोबाइल पुढं केला, तिनं ते आवाहन दोनदा वाचलं.

"आमी कुणाम्होरं हात पसरला न्हाई वो. लोक काय म्हणत असतील?"

लीलाबाईंनी तिला जवळ ओढलं. "तू कुठं पसरलास बाई? तुझं नाव घिऊन चोरानं पसरला. मान खाली त्यानं घालायची."

दोघी मिळून पोलीस ठाण्यात गेल्या, तक्रार दिली. लालासाहेबांनी गावोगावच्या ग्रुपवर सावध केलं. पुढं काही दिवसांत तो नंबर बंद पडला. माणूस मात्र अजून सापडला नाही.

त्या दिवशी ठाण्यातून वाडीवर परत आल्यावर लीलाबाईंनी पिशवीतून पैशांचं पाकीट काढलं. सोनियानं ते हळूच मागं सारलं.

"मदत नगं, मावशी. फराळ ठिवती. पर आज माझ्या घरी जेवून जावा. ह्यांच्या माघारी सणाला कुणी येत न्हाई."

सोनियानं चूल पेटवली. तिची लेक लीलाबाईंच्या मांडीवर डोकं टेकून झोपी गेली. परतीची एसटी वाडीवर येऊन, हॉर्न वाजवून निघून गेली. लीलाबाई जागच्या हलल्या नाहीत.